पेन्शनीचा कागद आणि गावची वेस

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या पलटणीतून निवृत्त होणाऱ्या महार सैनिकाच्या वाट्याला दोन ओळखी येत. एक पेन्शनीच्या कागदावर लिहिलेली असे: हवालदार, जमादार किंवा सुभेदार. दुसरी गावाने जन्मापासून ठरवून ठेवलेली. वीस-पंचवीस वर्षे पलटणीत काढून तो वेशीशी आला, तरी गाव त्याचा हुद्दा विचारत नसे. त्याने येसकराची काठी धरावी, सरकारी कामाचे निरोप पोचवावेत, मेलेले ढोर ओढावे आणि बलुत्याची भाकर मागून आणावी, ही गावाची अपेक्षा तशीच होती. गणवेश उतरल्यावर आपण कोण उरलो, हा प्रश्न कोणत्याही सैनिकाला पडतो. या सैनिकांपुढे तो फार उघड्या रूपात आला, कारण त्याचे उत्तर गावाने आधीच देऊन ठेवले होते आणि ते त्यांना मान्य नव्हते. त्यांनी शोधलेल्या दुसऱ्या उत्तराचा मोठा भाग कोकणात, दापोलीत घडला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महारांची भरती अठराव्या शतकापासून होत असे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे स्मारक म्हणून भीमा कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक नावे आहेत. त्या काळी महार पुरुषांच्या नावापुढे तो लावण्याची रीत होती. पलटणीत जातिभेद नव्हता असे मुळीच नाही. तरी ठरलेला पगार हाती पडे, अंगावर इतरांसारखाच गणवेश असे आणि नोकरीच्या वर्षांप्रमाणे बढती मिळे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शाळा. सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना पलटणीच्या शाळेत शिकावे लागे. गावात ज्या घराला पाटीला हात लावण्याची सोय नव्हती, त्या घरात लष्करामुळे लिहिणारी-वाचणारी माणसे तयार झाली. पेन्शन माणसागणिक थांबली, अक्षर मात्र पुढच्या पिढीकडे गेले.

दापोली हे रत्नागिरी जिल्ह्यातले पठारावरचे, थंड हवेचे गाव. इंग्रजांनी तेथे लष्करी छावणी वसवली, म्हणून लोक त्याला अजूनही ‘कॅम्प दापोली’, बोलीत ‘काप दापोली’ म्हणतात. पलटणी गेल्या, पण पेन्शनर राहिले. मंडणगड, खेड, महाड या भागांतून भरती झालेल्या अनेक महार कुटुंबांना निवृत्तीनंतर स्वतःच्या गावापेक्षा ही वस्ती सोयीची वाटली असावी. शेजारीही पेन्शनरच, आणि हाक मारताना हुद्द्याने मारणारे. महारकीची कामे सांगायला पाटील दारात उभा नाही, एवढी एकच सवलतसुद्धा त्या काळी थोडी नव्हती.

गोपाळबाबा वलंगकर याच वस्तीतले. मूळचे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली ते लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि दोनच वर्षांत, १८८८ मध्ये, त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका निघाली. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कोणता, असे प्रश्न तीत धर्माच्या जाणत्यांना विचारले आहेत. पुस्तिकेची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. ती गाऱ्हाणे मांडत बसत नाही, जाब विचारते. लष्करात कागदावर तक्रार करायची आणि उत्तराची वाट पाहायची, ही सवय लागलेल्या माणसाचा तो बाणा वाटतो. वलंगकरांवर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा प्रभाव होता. ‘दीनबंधु’सारख्या पत्रातून ते लिहीत आणि ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्थाही त्यांनी काढली. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसायला वरिष्ठ जातींच्या सभासदांनी कुरकुर केली. निवृत्त हवालदाराला सरकारने खुर्ची दिली, शेजार देणे सरकारच्या हाती नव्हते.

दापोलीच्या पेन्शनरांचा दुसरा झगडा शाळेचा. ज्यांनी स्वतः पलटणीत शिक्षण घेतले, त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत जागा मिळेना. १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अर्जविनंत्या केल्या. पुढे मुलांना घेतले, पण बसवले ओसरीवर. वर्गाच्या आत आणि बाहेर यांमधला तो उंबरठा ओलांडायला आणखी बराच काळ जावा लागला.

याच सुमारास लष्कराचेच दार बंद झाले. काही जाती जन्मजात लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, हा सिद्धांत सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात बळावला आणि १८९२ च्या हुकमांनी महारांची भरती थांबली. ज्या संस्थेने माणसाला नवी ओळख दिली, तिनेच ती पुसली. पेन्शनरांना हा घाव दुहेरी होता. मुलांची नोकरी गेली, आणि आपली सारी सेवा पात्रता नसताना मिळालेली मेहेरबानी ठरवली गेली. १८९४ साली वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. त्यात महार हे मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा आहे. एकीकडे संस्थेचे नाव ‘अनार्य’ आणि दुसरीकडे क्षत्रियत्वाचा हक्क. ही विसंगती आज सहज दिसते, पण इंग्रज अधिकाऱ्याला पटेल अशा भाषेत स्वतःला सांगण्याची ती धडपड होती; अर्जदाराला स्वतःची भाषा निवडण्याची मुभा कमीच असते.

रामजी मालोजी सकपाळ यांची कहाणी या साऱ्यात अधिक घरगुती वाटेने जाते. त्यांचे वडीलही लष्करात होते. मूळ गाव आंबडवे. रामजी पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि सुभेदाराच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. कबीरपंथी असल्याने मांस-मद्य वर्ज्य, पहाटे भजन, घरात मुलांकडून ग्रंथवाचन. हे वळण पलटणीच्या कवायतीइतकेच काटेकोर होते. निवृत्तीनंतर त्यांनी कुटुंब दापोलीला नेले, तेथेच कायम राहण्याच्या विचाराने. तो बेत बदलला आणि घर साताऱ्याला आले. पेन्शनवर एवढे कुटुंब भागेना, म्हणून त्यांनी पुन्हा नोकरी धरली. १९०१ च्या सुमारास ते खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खोदल्या जाणाऱ्या तलावाचे रोखपाल होते.

त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले शिवलेले कपडे. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. जात महार असल्याचे कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाल्यांपैकी कोणी त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एका गाडीवाल्याने दुप्पट भाडे घेतले, आणि तरीही गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने पायी चालणार, असे ठरले. त्यांतला एक मुलगा भीमराव. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला. सुभेदाराच्या घरची शिस्त त्या कपड्यांत दिसत होती आणि तिची किंमत स्टेशनच्या फलाटावर शून्य होती. माजी सैनिकांच्या मुलांना आपण कोण याचा धडा अशा ठिकाणी मिळाला.

भरतीबंदीचे परिणाम कोकणात दीर्घकाळ जाणवले. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या निकडीत, १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये विसर्जितही झाली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बोलताना बाबासाहेबांनी या भागातील जुन्या लष्करी पेन्शनरांच्या काळातल्या भरभराटीची आणि बंदीनंतरच्या अवनतीची आठवण काढली. भरती पुन्हा खुली व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. मात्र पेन्शनरांनी आपल्या वस्तीत जपलेली मूल्ये, म्हणजे मृत जनावराचे मांस सोडणे, नीटनेटके राहणे, मुलांना शिकवणे, आता साऱ्या समाजाला दिलेल्या उपदेशाचा भाग झाली होती. जे दापोलीत एका वस्तीचे आचरण होते, ते महाडला सभेत जाहीर झाले. त्या अर्थाने निवृत्त सैनिकांचा प्रश्न सोडवण्याचे काम निवृत्त सैनिकांच्या मुलांनी केले.

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. रामजी सकपाळ तोवर हयात नव्हते. त्यांचे निधन २ फेब्रुवारी १९१३ रोजी झाले. त्यांच्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात बाबासाहेबांना एक अर्ज सापडला. महार अधिकाऱ्यांनी १८९२ च्या हुकमाविरुद्ध हिंदुस्थान सरकारकडे केलेला. चौकशी करता कळले, की त्याचा मसुदा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तयार करून दिला होता. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी ही हकीगत सांगितली.