समृद्धीवर ३३, पाणंदीत २०? टायरमध्ये हवा नेमकी किती असावी?

जालना जिल्ह्यात एकाच गाडीला एकाच दिवसात दोन टोकांचे रस्ते भेटतात. सकाळी बदनापूर किंवा मंठा तालुक्यातली काळ्या मातीची पाणंद, आणि दुपारी समृद्धी महामार्ग. पावसाळ्यात पाणंदीत ताशी १० किलोमीटरनेही गाडी धड चालत नाही. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे. दोन्हीकडे चाकं तीच असतात, पण टायरमधली हवा तीच ठेवून चालत नाही.

चिखलात हवा कमी करायची, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. ती कधी, किती आणि कोणत्या टायरमध्ये कमी करायची, आणि पुन्हा भरली नाही तर काय होतं, हे समजून घेऊया.

हवा कमी केली की काय होतं?

गाडीचं सगळं वजन चार टायरच्या जमिनीला टेकलेल्या छोट्या भागांवर असतं. माणसं आणि सामानासह गाडीचं वजन १,६०० किलो धरू. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर ढोबळ हिशोबाने प्रत्येक टायरचा सुमारे १७० चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकतो. म्हणजे साधारण पसरलेल्या हाताच्या पंजाएवढा. हवा २० पीएसआयवर आणली की हाच भाग २८० चौरस सेंटीमीटरच्या आसपास जातो. टायरच्या कडांच्या ताठपणामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे बदलतात.

वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरलं. त्यामुळे जमिनीवरचा दाब कमी होतो आणि चाक कमी रुततं. टेकलेला भाग मुख्यतः लांबीत वाढतो, म्हणून पकडही सुधारते. दगडधोंड्यांच्या वाटेवर टायर दगडाभोवती थोडा दबतो आणि धक्के कमी बसतात.

काळ्या मातीत ही युक्ती चालते का?

काही प्रमाणात. हवा कमी करण्याचा सर्वाधिक फायदा वाळूत होतो. काळ्या मातीचं गणित वेगळं आहे. या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात तीच माती चाकाला थरावर थर चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की नवा टायरही गुळगुळीत टायरसारखा घसरतो.

इथे पावसाचा अंदाज घ्यावा लागतो. पहिल्या सरीनंतर वरचा थर निसरडा आणि खालची जमीन कडक असते. अशा वेळी अरुंद आणि खोल खाचांचा टायर चिखल कापून खाली टेकतो. फार रुंद टायर वरच्या वर घसरू शकतो. ऑगस्टमध्ये माती खोलवर भिजली की हवा कमी केल्याने थोडी मदत होते, पण चेसिस चिखलाला टेकली की उपाय ट्रॅक्टरचाच.

शेतकरी पेरणीआधी वाफशाची वाट पाहतात. माती ना ओली गच्च, ना कोरडी, अशी अवस्था म्हणजे वाफसा. गाडीसाठीही हाच नियम धरा. मोठ्या पावसानंतर पाणंदीत गाडी घालण्याआधी उतरून पाहा. बूट घोट्यापर्यंत रुतत असेल, तर गाडी रस्त्यालाच उभी केलेली बरी.

टायर आणि रिम कशी निवडायची?

टायरच्या कडेवर २०५/६५ आर १६ ९५एच असं काही लिहिलेलं असतं. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १६ हा रिमचा इंचातला व्यास. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो वजन पेलू शकतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा.

खराब रस्त्यासाठी यातली कडेची उंची महत्त्वाची. मोठी रिम आणि पातळ टायर दिसायला छान, पण खड्ड्यात रिमच दगडावर आपटते आणि हवा कमी करायलाही वाव राहत नाही. लोखंडी रिम वाकली तर बहुतेक वेळा ठोकून सरळ होते, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो.

खाचांच्या नक्षीचे ढोबळ प्रकार तीन. हायवे टायर शांत चालतो, पण चिखलात लवकर भरतो. मड टायरच्या खाचा मोठ्या असल्याने चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो, मात्र तो डांबरी रस्त्यावर आवाज करतो आणि ओल्या रस्त्यावर त्याचं ब्रेकिंग कमी पडतं. आठवड्यातून एक-दोनदा शेतात आणि उरलेले दिवस रस्त्यावर जाणाऱ्यांना मधला ऑल-टेरेन टायर पुरतो. कोणताही घ्या, भारक्षमता आणि वेगमर्यादा कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको.

ट्रॅक्टर आणि दुचाकीचं काय?

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये शेतकामाला कारच्या निम्म्याहूनही कमी हवा लागते, अनेकदा १२ ते १४ पीएसआय. हवा जास्त असेल तर चाक घसरतं आणि माती घट्ट दाबली जाते. कापूस किंवा मोसंबीची भरलेली ट्रॉली रस्त्याने न्यायची असेल, तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा वाढवावी लागते.

दुचाकीला टायरइतकाच त्रास मडगार्डचा होतो. चाक आणि मडगार्ड यांच्यात काळी माती अडकून चाक जाम होतं. म्हणून अशा वाटेवर दोघांत जास्त अंतर असलेली गाडी सोयीची. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली, तर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह फाटतो.

खरा धोका कुठे आहे?

चिखलातून बाहेर आल्यावर. हवा कमी असलेल्या टायरची कड प्रत्येक फेरीत वाकते आणि सरळ होते. ताशी १२० किलोमीटरला कारचं चाक मिनिटाला साधारण हजार वेळा फिरतं. म्हणजे तेवढ्या वेळा कड वाकते, आतून तापते आणि शेवटी टायर फुटू शकतो. मराठवाड्यातल्या उन्हात काँक्रीट आधीच तापलेलं असतं, त्यात ही भर.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्यानंतर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा सुरू झाली आणि परिवहन विभागाने २०२३ मध्ये या मार्गावर टायर तपासणी हाती घेतली. कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, असा नियम आहे.

दुसरा धोका रिमच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मातीचा. तिने चाकाचा तोल जातो आणि वेग वाढला की स्टीअरिंग थरथरतं. महामार्गाआधी ती काढून टाका.

मग हवा किती ठेवायची?

- महामार्ग: चालकाच्या दारावरच्या स्टिकरवर असेल तेवढी. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो पाहा.
- खडीचा, दगडी रस्ता: स्टिकरपेक्षा ४ ते ६ पीएसआय कमी, वेग बेताचा.
- चिखल किंवा वाळू: कारला २० ते २२ पीएसआय, वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत. साध्या रिमवर १८ च्या खाली गेलात, तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो, त्यामुळे तापलेल्या टायरमधली जास्तीची हवा सोडू नका. गाडीत प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर ठेवा. पुढे पेट्रोल पंप भेटेलच, या भरवशावर राहू नका. कंप्रेसर सोबत नसेल, तर हवा कमी करूच नका.