वैतरणेच्या नावाची आगबोट

माकुणसारहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं, एडवण आणि कोरे मागे पडलं, की दातिवऱ्याला जमीन संपते. समोर वैतरणेचं रुंद मुख, पलीकडे अर्नाळ्याचा जलदुर्ग. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते. मुंबईची तहान भागवणारी म्हणून वैतरणा सर्वांच्या परिचयाची आहे. पण तिचंच नाव लावणारी एक प्रवासी आगबोट १८८८ मध्ये सातशेहून अधिक माणसांसह अरबी समुद्रात नाहीशी झाली, याची आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही.

‘वैतरणा’ स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या गोदीत बांधली गेली आणि १८८५ मध्ये पाण्यात उतरली. मालक होती मुंबईची शेफर्ड कंपनी. कच्छमधलं मांडवी ते मुंबई हा तिचा मार्ग. प्रवास ३० तासांचा, भाडं ८ रुपये. बोटीवर विजेचे दिवे होते. घरोघरी तेलाचे दिवे जळण्याच्या त्या काळात हा झगमगाट लोकांना इतका भावला, की त्यांनी तिचं नावच ‘वीजळी’ ठेवलं.

तिची बांधणी मात्र नीट पाहायला हवी. लांबी सुमारे १७० फूट, म्हणजे आपल्या लोकलचे जेमतेम अडीच डबे. रुंदी २६ फूट, सांगाड्याची खोली १० फुटांच्या आत. एवढ्यात तीन मजले आणि २५ केबिन. सातशे माणसं चढल्यावर उरलेल्यांनी कुठे बसायचं? डेकवरच, सामानसुमान आणि पोराबाळांसह दाटीवाटीने. अरुंद, उथळ बोटीत माणसांचं वजन वरच्या मजल्यांवर गेलं की तिचा तोल नाजूक होतो. लाट आडवी आली की कललेली बोट पुन्हा सरळ व्हायला वेळ लागतो.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून सुटली. द्वारकेला आणखी उतारू चढले. त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विद्यार्थी होते. कप्तान होते कासम इब्राहिम. हवा बिघडल्याने पोरबंदरला न थांबता बोट पुढे गेली. त्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळच्या वादळात ती बेपत्ता झाली. शोधासाठी आगबोटी धाडल्या गेल्या. ना सांगाडा मिळाला, ना माणसं. पुढे सरकारी चौकशीत उघड झालं, की बोटीवर बचावनौका आणि जीवरक्षक साधनं पुरेशी नव्हती. काठियावाडात लोकगीतांनी हे दुःख जपलं. गुजराती लेखक झवेरचंद मेघाणींच्या लोकगीतसंग्रहातही ‘वीजळी’ आहे.

धडा मात्र जगाने फार उशिरा घेतला. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे २,२०० माणसं होती आणि बचावनौकांत जागा ११७८ जणांना. त्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले.

आज मुंबईच्या बंदरातून सुटणारी ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ हे क्रूझ जहाज २११ मीटर लांब आहे, म्हणजे ‘वैतरणे’च्या चौपट. १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरला ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधलं गेलं आणि २०२१ पासून मुंबईहून चालू लागलं. अशा जहाजांवर नाट्यगृह असतं, तरणतलाव असतो. पण त्यांची खरी श्रीमंती बाहेरच्या बाजूला टांगलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार जहाजावरच्या प्रत्येकाला बचावनौकेत किंवा तराफ्यात जागा लागते आणि त्यावर २५ टक्के जास्तीचे तराफे. सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांना आणीबाणीत कुठे जमायचं ते दाखवावं लागतं. प्रवाशांना ही कवायत कंटाळवाणी वाटते; तिच्यामागे हजारो बुडालेल्यांचा हिशेब आहे.

वैतरणेच्या मुखाशी, दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, या आगबोटीची माहिती देणारा एक फलक उभा राहायला हवा. तिच्यात गेलेली माणसं कच्छ-काठियावाडची होती, नाव आपल्या नदीचं होतं. एवढं नातं पुरेसं आहे. आणि अर्नाळा किल्ल्याच्या होडीत बसा किंवा गोव्याच्या क्रूझवर जा, पाय ठेवण्याआधी विचारा: माणसं किती घेतलीत आणि जॅकेटं किती आहेत? उत्तर मिळालं नाही, तर ती फेरी सोडून द्या.