रानऔषधींतील प्रतिऑक्सिडीकारक गुण : परीक्षानळी आणि शरीर
आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा मंडळात कुंटाला धबधब्याभोवती पानझडी जंगल आहे. अशा जंगलांतील आवळा व बेहडा या फळांत गॅलिक आम्ल, टॅनिन ही जैवसक्रिय संयुगे असतात. ती मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. डी.पी.पी.एच. चाचणीत यामुळे जांभळे द्रावण पिवळे पडते. ५१७ नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणातील घट ही या क्षमतेचे माप होय.

मात्र हे माप परीक्षानळीतील आहे. शरीराला मानवणारी मात्रा त्यातून कळत नाही. गुळवेलीच्या अर्कातही हा गुण आढळतो. तरीही २०२० मध्ये मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वनस्पती गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. म्हणून वनस्पतीची अचूक ओळख व सुरक्षित मात्रा ठरल्याखेरीज चाचणीच्या आकड्यावरून औषध ठरवू नये.