बुडालेली वर्षे आणि उरलेली वर्षे

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात निघतो. घेतलेला विषय मुलाला वा मुलीला मानवत नाही. दुसऱ्या विद्यापीठात जावे, विषयही बदलावा, असे वाटू लागते. ‘मग दोन वर्षे फुकटच घालवायची का?’ या एका वाक्याने वडीलमाणसे ती चर्चा संपवितात. वाक्य व्यवहारी वाटते, परंतु त्यामागील हिशोब चुकीचा आहे.

चाळीस फूट खोदूनही पाणी न लागलेल्या विहिरीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यापुढचा खरा प्रश्न, आजवर किती पैसा गेला, हा नसतो; आणखी खोदावे की जागा बदलावी, हा असतो. गेलेला पैसा दोन्ही वाटांनी गेलेलाच आहे. अर्थशास्त्रात यालाच बुडीत खर्च म्हणतात आणि पुढील निर्णयात तो धरावयाचा नसतो.

मात्र हिशोबाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. विषय बदलल्याने शिक्षण एक-दोन वर्षांनी लांबले, तर तेवढ्या काळाचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि हुकलेली मिळकत हा पुढचा, म्हणूनच टाळता येण्याजोगा खर्च असतो. ज्या कारकुनाच्या घरी धाकटी बहीण महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभी आहे, तेथे थोरल्याचे वाढीव वर्ष तिच्या वाट्यातून जाण्याचा संभव असतो. हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही, तो येथे.

म्हणून आधी दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. त्रास विषयाचा आहे की शिकविण्याचा? नीरस व्याख्याने आणि कुलूपबंद ग्रंथालय यांना कंटाळलेला विद्यार्थी पुष्कळदा विषयालाच दोष देतो. त्याला विद्यापीठ बदलणे पुरेल. उलट, विषयच परका वाटत असेल तर नामांकित विद्यापीठातही तो परकाच राहील. नव्या विषयाची ओढ खरी की जुन्याचा केवळ वीट, हे ठरविण्याचा उपायही साधा आहे: नव्या विषयाच्या अखेरच्या वर्षाची पुस्तके महिनाभर वाचून पाहावीत.

इरावती कर्वे यांनी १९२६ साली तत्त्वज्ञानात पदवी घेतली, १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केले आणि पुढे बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यांचे गुरू डॉ. गो. स. घुर्ये हेही संस्कृतचे एम.ए. होऊन मग समाजशास्त्राकडे वळले होते. या दोघांनीही वाट बदलली, ती पदवी हाती आल्यावर. आगगाडी सांध्यावरच रूळ बदलते. ज्याची अवघी दोन सत्रे उरली आहेत, त्याने पदवी पुरी करून पदव्युत्तर वर्गात विषय बदलणे बहुधा स्वस्त पडते. पहिल्याच वर्षी चूक उमगलेल्याने मात्र थांबण्यात अर्थ नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याला ही सोय नसते. विज्ञान शाखेचा विद्यार्थी कलाशाखेत सहज येतो. बारावीला गणित व भौतिकशास्त्र न घेतलेल्याला अभियांत्रिकीचे दार बहुधा बंद असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक स्थापण्याचे नियम केले. मिळविलेले श्रेयांक कमाल सात वर्षे जमा राहावेत आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे मिळविलेले असावेत, असे त्या नियमांत ठरले. पाऊल योग्य दिशेने आहे. परंतु रसायनशास्त्राचे श्रेयांक इतिहासाच्या मुख्य विषयात चालत नाहीत. फार तर ते दुय्यम वा ऐच्छिक विषयांत बसतात. बेरीज शिल्लक राहते, उपयोग घटतो.

तेव्हा आपले किती श्रेयांक धरले जातील, हे नव्या संस्थेकडून लेखी घेतल्याखेरीज विद्यार्थ्याने जुने महाविद्यालय सोडू नये. महाविद्यालयांनीही ही माहिती प्रवेशापूर्वीच फलकावर लावली पाहिजे. स्थलांतर प्रमाणपत्रासाठी खिडक्यांपुढे हेलपाटे घालण्यात ज्याचे सत्र बुडते, त्याचे ते नुकसान चुकीच्या निवडीमुळे नव्हे, व्यवस्थेच्या दिरंगाईमुळे झालेले असते. पालकांनीही प्रश्न थोडा बदलावा. दोन वर्षे गेली, हे खरेच. पण पुढची चाळीस वर्षे कोणत्या कामात जाणार, हे विचारणे अधिक व्यवहारी आहे.