यंत्र जुनेच, पण बोटे शाबूत

दाराची कडी, डब्याचे झाकण, मोटारसायकलचा एखादा छोटा ब्रॅकेट. पत्र्याच्या अशा वस्तू बहुधा पॉवर प्रेसवर तयार होतात. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान वर्कशॉपमध्ये वीस-तीस वर्षे जुने प्रेस आजही रोज चालतात. त्यांचा बिडाचा सांगाडा दणकट असतो, डाय नीट बसते, माल बरोबर निघतो. मग यंत्र बदलायचे कशाला, हा मालकाचा प्रश्न रास्त आहे. पण याच प्रेसवर कामगारांची बोटे जातात, हेही तितकेच खरे आहे.

प्रेसची रचना समजायला सोपी आहे. मोटर एक जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरवत ठेवते. कामगाराने पायाचे पेडल दाबले की क्लच त्या चाकाला क्रँकशाफ्टशी जोडतो. रॅम खाली येतो आणि पत्रा कापला किंवा वाकवला जातो. तुकडा डायमध्ये ठेवणे आणि काढणे हे काम अनेक ठिकाणी हातानेच होते. पेडलवर चुकून पाय पडला, किंवा क्लच झिजल्यामुळे रॅम न सांगता दुसऱ्यांदा खाली आला, तर हात डायमध्येच सापडतो. मिनिटाला ६० स्ट्रोक असतील, तर रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात हात मागे घेता येईलच, याचा भरवसा नाही.

ही जखम सुरीने कापल्यासारखी नसते. बोट चिरडते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा लांबपर्यंत फाटतात. म्हणून तुटलेले बोट पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया अशा अपघातांत कमी यशस्वी होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक अंगठा गेला तर कमावण्याच्या क्षमतेत ३० टक्के, आणि एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के घट धरली होती. शर्टाचे बटण लावणे किंवा मुलाला उचलून घेणे अवघड होते, त्याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही.

यावर सर्वांत आधी सुचतो तो उपाय म्हणजे सेन्सर. डायच्या पुढे प्रकाशकिरणांचा पडदा लावायचा. हात आत गेला की यंत्र थांबेल. पण इथेच मोठी गफलत होते. जुन्या प्रेसमध्ये बहुधा पिन किंवा की प्रकारचा क्लच असतो. तो एकदा अडकला की क्रँकशाफ्टचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. सेन्सरने हात पाहिला, इशाराही दिला, तरी रॅम मध्येच थांबणे शक्य नसते. उलट ‘सेन्सर आहे’ म्हणून कामगार निर्धास्तपणे हात घालतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत अशा क्लचच्या प्रेसवर हा उपाय वापरायला मनाईच आहे.

मग अशा प्रेसचे काय करायचे? पहिला मार्ग स्वस्त आहे: हात आत जाऊच द्यायचा नाही. डायभोवती पक्की जाळी लावून पत्रा सरकवण्यापुरतीच फट ठेवायची. तुकडे घसरपट्टीवरून आत सोडायचे, नाहीतर चिमट्याने किंवा चुंबकाच्या दांडीने ठेवायचे. पेडलवर वरून झाकण बसवायचे. मात्र चिमटा हा जाळीला पर्याय नव्हे, जोड आहे.

दुसरा मार्ग खर्चिक, पण नव्या यंत्रापेक्षा साधारणपणे स्वस्त आहे. सांगाडा आणि क्रँकशाफ्ट चांगले असतील, तर अनेक प्रेसमध्ये जुना क्लच काढून हवेच्या दाबावर चालणारा क्लच आणि ब्रेक बसवता येतो. मग रॅम कुठेही थांबवता येतो आणि सेन्सरला अर्थ येतो. तोही योग्य अंतरावर हवा. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. हात दिसल्यापासून रॅम थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर पडदा डायपासून किमान ४० सेंटिमीटर दूर हवा. प्रत्यक्षात थोडा जास्तच. बाजूने हात जाऊ नये म्हणून तिथे जाळी लागते. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे आणि एक अडकला तरी दुसरा हवा सोडेल असा दुहेरी व्हॉल्व्हही त्यात येतो. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून तो ठराविक काळाने मोजावा लागतो.

सांगाड्याला तडा गेला असेल, क्रँकशाफ्ट किंवा बेअरिंग पार झिजले असेल, तर मात्र सुधारणेवर पैसे घालू नयेत. असा प्रेस भंगारातच जावा.

सगळे बसवल्यावरही एक गोष्ट उरते. नगावर मजुरी असेल तर जाळी अडचण वाटते आणि ती काढून ठेवली जाते; सेन्सर किल्ली फिरवून बंद केला जातो. यंत्र फिरत असताना संरक्षण जागेवरच हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते. त्यामुळे किल्ली कोणाकडे आहे आणि पाळी सुरू होताना तपासणी कोण करतो, हे ठरलेले असावे.

अपघात झालाच, तर आधी यंत्र बंद करा, जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ती बंद पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नको. वेळ न दवडता रुग्णालय गाठा.

प्रेस चालवणाऱ्या प्रत्येकाने मालकाला किंवा फिटरला एकच प्रश्न विचारावा: हा रॅम अर्ध्या वाटेत थांबतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर जाळी बसेपर्यंत त्या डायमध्ये कोणाचाही हात जाता कामा नये.