नाव मराठा, काम सुतारकी. बांधावरच्या बाभळीवर चढणारा हा पक्षी कोण?

परभणी : बांधावरच्या बाभळीतून टकटक ऐकू आली, तर खोडाकडे नीट पाहा. डोक्यावर पिवळा रंग, अंगावर पांढरे ठिपके आणि पोटावर लाल डाग दिसला, तर तो ‘मराठा सुतार’ आहे.

नाव कसे पडले?
इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी १८०१ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले. ‘लिओपिकस माहरट्टेन्सिस’ या आजच्या नावातही मराठा मुलूख कायम आहे. नराच्या डोक्यावर मागे लाल पट्टा असतो, मादीला तो नसतो.

खोडावर चढतो कसा?
लांबी जेमतेम १७-१८ सेंटीमीटर. पायाची दोन बोटे पुढे, दोन मागे. त्यामुळे सालीवर पकड घट्ट बसते. शेपटीची ताठ पिसे टेकू देतात. दोन पाय आणि शेपटी, असा हा तिवईचा हिशेब आहे.

डोके दुखत नाही का?
सुतार पक्ष्याची कवटी हेल्मेटसारखा धक्का शोषते, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. २०२२ मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातील संशोधकांनी वेगवेगळ्या सुतार पक्ष्यांचे वेगवान व्हिडिओ तपासले. कवटी धक्का शोषत नाही, ती कडक हातोडीसारखी चालते, असे त्यांना दिसले. धक्का शोषला गेला असता, तर टोचीचा जोरच वाया गेला असता. मेंदू आकाराने लहान असल्याने तो सुरक्षित राहतो.

झाडाचे नुकसान होते का?
हा पक्षी मुख्यतः सालीखालच्या अळ्या, मुंग्या आणि किडे खातो. घरटे बहुधा वाळलेल्या, पोकळ होत चाललेल्या फांदीत कोरतो. त्याने सोडलेली ढोली पुढे इतर पक्ष्यांना उपयोगी पडते.

मग धोका कशाचा?
जागतिक यादीत हा पक्षी संकटग्रस्त नाही. मात्र परभणी जिल्ह्यात जंगल अत्यल्प आहे. इथे त्याचा आसरा म्हणजे बांधावरची बाभूळ, लिंब, आंब्याची झाडे. शिवाय विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते मे असतो. नेमके याच दिवसांत रान मोकळे असते, बांध साफ होतात आणि वाळलेली फांदी आधी सरपणाला जाते.

तुम्ही काय करू शकता?
वाळक्या फांदीला गोल भोक दिसले, तर ती पावसाळ्यापर्यंत राहू द्या. फांदी रस्त्यावर किंवा घरावर पडण्याची भीती नसेल, तर तिला हात न लावलेलाच बरा.