पी, टीव्ही, एव्ही, एम : खिशातल्या कॅमेऱ्याची तीस वर्षं

१९९५ साली जपानच्या कॅसिओ कंपनीने क्यूव्ही-१० हा छोटा कॅमेरा बाजारात आणला. फोटो ३२० बाय २४० ठिपक्यांचे, आतली साठवण ९६ फोटोंची, फ्लॅश नाहीच. तरीही खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट इथूनच सांगावी लागते, कारण या कॅमेऱ्याच्या पाठीवर १.८ इंचांचा रंगीत पडदा होता. फोटो कसा येणार हे आधी दिसायचं आणि कसा आला हे लगेच कळायचं. रोल धुऊन येईपर्यंत वाट पाहण्याचे दिवस त्या पडद्याने संपवले. पुढे त्याच पडद्यावर मेनू आला, मेनूत सेटिंग आली, आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर चिन्हांनी भरलेली गोल डायल आली.

चेहरा, डोंगर, धावणारा माणूस, फूल, चंद्र-तारे, फटाके, बर्फाचा कण. ही चिन्हं वर्षागणिक वाढत गेली, आणि नवा कॅमेरा घेतलेला माणूस त्यांच्याकडे पाहून ‘आपलं ऑटोच बरं’ म्हणत राहिला. आज तीस वर्षांचा हिशेब मांडताना या पसाऱ्यातून एक सरळ धागा दिसतो. प्रत्येक चिन्ह म्हणजे कॅमेरा आणि माणूस यांच्यातली निर्णयांची वाटणी आहे. निर्णय मुळात तीनच : उजेड किती वेळ आत घ्यायचा, केवढ्या छिद्रातून घ्यायचा, आणि मिळालेला उजेड किती वाढवून वापरायचा. शटर स्पीड, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. हे तीन शब्द कळले की कुठल्याही कंपनीची डायल वाचता येते.

चिन्हांचं माहेर

ही चिन्हं डिजिटल युगाने शोधलेली नाहीत. १९७८ च्या कॅनन ए-१ या रोलच्या कॅमेऱ्यात दोन्ही प्रकारच्या सोयी एकत्र आल्या होत्या : शटर स्पीड आपण ठरवायचा आणि अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याने, किंवा त्याच्या उलट. शिवाय दोन्ही कॅमेऱ्यावर सोपवणारा ‘प्रोग्राम’ही होताच. १९८५ च्या कॅनन टी-८० ने आणखी एक पाऊल टाकलं. मागचंपुढचं सगळं स्पष्ट हवंय, मागचं धूसर हवंय, की हालचाल गोठवायची आहे, हे आकड्यांऐवजी चित्रांतून निवडता येऊ लागलं. डिजिटल कॅमेऱ्यांनी पुढे हीच चित्रं उचलली.

फरक पडला तो खर्चात. ३६ फोटोंच्या रोलवर प्रयोग करणं मध्यमवर्गीय घराला परवडत नसे. एकच दृश्य चार वेगवेगळ्या सेटिंगांवर काढायचं म्हणजे रोलचा नववा भाग गेला. मेमरी कार्डावर तोच प्रयोग फुकट झाला आणि निकाल जागेवर मिळू लागला. फोटोग्राफीच्या शाळेत कधी न गेलेल्या माणसांच्या एका अख्ख्या पिढीला शटर स्पीड म्हणजे काय हे या छोट्या कॅमेऱ्यांनी शिकवलं. हे त्यांचं सर्वांत मोठं काम, आणि त्याची नोंद फारशी घेतली जात नाही.

एक डायल जवळून

या काळाचा मध्यबिंदू म्हणून मी २००५ चा कॅनन पॉवरशॉट ए६२० निवडतो. ७.१ मेगापिक्सेल, चार पेन्सिल सेल, बाजूला उघडून फिरवता येणारा दोन इंची पडदा, आयएसओ ५० ते ४००. त्याच्या डायलवर एका अंगाला पी, टीव्ही, एव्ही, एम ही अक्षरं होती आणि दुसऱ्या अंगाला चित्रं. पी म्हणजे तोच ‘प्रोग्राम’, एम म्हणजे शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही आपलं. मधोमध ऑटो. एका बाजूला स्वतः ठरवणाऱ्यांचा प्रांत, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याला नुसता प्रसंग सांगणाऱ्यांचा.

टीव्ही म्हणजे शटर स्पीड आपला. पावसाळ्यात घाटात, दाट झाडीखालच्या धबधब्यासमोर हा कॅमेरा दगडावर ठेवा, आयएसओ ५० करा आणि शटर १/४ सेकंदावर न्या. खटका अर्धा दाबा. पडद्यावरचे आकडे पांढरे राहिले तर कॅमेऱ्याला जुळेल असं अ‍ॅपर्चर सापडलेलं आहे. आकडा लाल झाला तर उजेड जास्त आहे, छिद्र याहून लहान होत नाही, फोटो पांढरा पडणार. मग शटर १/८ करायचं आणि पुन्हा अर्धा खटका. आकडे पांढरे झाले की पूर्ण दाबायचा, तोही दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाच्या धक्क्याने कॅमेरा हलत नाही. पाणी दुधाच्या धारेसारखं उतरलेलं दिसतं. तोच धबधबा आयएसओ वाढवून १/५०० वर काढला की थेंब न् थेंब सुटा होतो. दोन फोटो शेजारी ठेवून पाहणाऱ्याला शटर स्पीडची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

एव्ही म्हणजे अ‍ॅपर्चर आपलं. इथे मात्र छोट्या कॅमेऱ्याची मर्यादा ओळखून वागावं लागतं. सेन्सर नखाएवढा असल्याने लेन्सची खरी फोकल लेंग्थही लहान, ए६२० मध्ये ७.३ ते २९.२ मिलिमीटर. झूम न करता, छिद्र एफ २.८ इतकं उघडूनही, तीनेक मीटरवर फोकस केला तर साधारण दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. म्हणूनच चेहऱ्याचं चिन्ह निवडूनही मागची भिंत धूसर होत नसे आणि लोक कॅमेऱ्याला दोष देत. उपाय डायलवर नव्हता. आपण मागे सरायचं, पूर्ण झूम करायचा, माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आणायचं. दुसऱ्या टोकाला छिद्र एफ ८ च्या पुढे बारीक केलं तर प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि चित्र मऊ पडतं, म्हणून या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एफ ८ लाच थांबत. स्वस्त कॅमेऱ्यांत बदलणारं छिद्रच नसायचं, उजेड कमी करायला आत एक काळसर फिल्टर सरकायचा. त्यांच्या डायलवर एव्ही दिसत नाही याचं हे साधं कारण.

बर्फ, फटाके आणि पणजीचं चर्च

चित्रांची बाजू अक्षरांइतकीच अर्थपूर्ण आहे, फक्त तिच्या मागे काय चालतं ते कळलं पाहिजे. फटाक्यांचं चिन्ह निवडलं की कॅमेरा फोकस दूरवर नेतो, फ्लॅश बंद करतो, आयएसओ खाली ठेवतो आणि शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवतो. कॅमेरा हातात धरून हा मोड वापरला तर फोटो हलणार. गच्चीच्या कठड्यावर टेकवला की दिवाळीतलं आभाळ नीट उतरतं. चंद्राशेजारी माणूस असलेल्या चिन्हात फ्लॅशही उडतो आणि शटरही रेंगाळतं. समोरच्या माणसावर फ्लॅशचा उजेड पडतो, मागची गणपतीची रोषणाई रेंगाळलेल्या शटरमुळे उमटते. साध्या ऑटोवर हाच फोटो काढला तर माणूस पांढराफटक आणि मागे मिट्ट काळोख.

बर्फाच्या चिन्हाकडे महाराष्ट्रात कुणी वळून पाहिलं नाही, आणि खरं तर ते आपल्या फार कामाचं होतं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. चौकटीत पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि ते फोटो काळवंडवतं. बर्फाचा मोड हा अंदाज सुधारतो, जाणूनबुजून थोडा जास्त उजेड घेतो. पणजीच्या चर्चची पांढरीशुभ्र दर्शनी बाजू चौकट भरून आली किंवा वारीतली पांढऱ्या टोप्यांची रांग समोर असली, तरी अडचण तीच आणि उपायही तोच. ज्यांना अधिक-उणे चिन्हाचं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन सापडलं, त्यांना तर मोडचीही गरज उरली नाही. पांढऱ्यासाठी +१. काळ्या पाषाणाची मूर्ती चौकट भरून असेल तर −१, नाहीतर मीटर तिला उजळवून राखाडी करून टाकतं. सगळ्या मेनूतून एकच सेटिंग शिकायची मुभा असेल तर मी हीच शिकायला सांगेन.

मेनूच्या आत

पाठीवरचं ‘फंक्शन’ बटण दाबलं की रोजच्या कामाची यादी उघडायची : आयएसओ, व्हाइट बॅलन्स, मीटरिंग, फोटोचा आकार.

व्हाइट बॅलन्सने घरगुती फोटोंचं जेवढं भलं केलं तेवढं फार थोड्या सेटिंगांनी केलं असेल. दिव्याच्या उजेडाला स्वतःचा रंग असतो. साधा पिवळा बल्ब २८०० केल्विनच्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला तो सांगावा लागतो. ट्यूबलाइटखाली हिरवट आलेले चेहरे ट्यूबच्या चिन्हाने माणसात येतात. याच्या उलट, देवघरातल्या समईचा फोटो ऑटोवर काढला तर कॅमेरा तो सोनेरी उजेड ‘दोष’ समजून पुसायला बघतो. तिथे सूर्याचं चिन्ह ठेवायचं, म्हणजे ज्योतीचा रंग तसाच राहतो.

आयएसओच्या आकड्यांनी मोठी स्वप्नं दाखवली. वाढवलेला उजेड म्हणजे वाढलेले रंगीत दाणे, हे छोट्या सेन्सरवर पटकन उघडं पडायचं. २००६ चा फुजीफिल्म एफ३० अंधारातल्या कामासाठी नावाजला गेला तो याच कारणाने : बाकीचे ४०० वर दमत असताना तो ८०० वर चांगला फोटो देत होता. मेनूत खोलवर ‘डिजिटल झूम’ असे. त्याने खरं तर काहीच जवळ येत नाही, फोटोचा मधला भाग कापून ताणला जातो. ते बंद करून टाकणं हा सर्वांत सोपा फायदा.

आणि एक सेटिंग कुठल्याच मेनूत नव्हती : अर्धा खटका. आधी अर्धा दाबून फोकस आणि उजेड पक्का करायचा, क्षण आला की उरलेला दाबायचा. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना खटका दाबल्यापासून फोटो उमटेपर्यंत जो वेळ लागे, त्यातला बराचसा फोकस शोधण्यात जाई. लग्नात अक्षता पडून गेल्यावरचा फोटो हाती येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच होतं.

निर्णय परत गेले

२००५ साली निकॉनच्या कूलपिक्स ७९०० सारख्या कॅमेऱ्यांनी चेहरा ओळखून फोकस करायला सुरुवात केली. २००७ मध्ये सोनीच्या टी-२०० ने समोरचा माणूस हसला की आपणहून फोटो घेतला. त्यापाठोपाठ प्रसंग स्वतः ओळखणारे ऑटो मोड आले आणि बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांवरून डायलच गेली. इकडे मेगापिक्सेलची चढाओढ टोकाला पोचली होती. कॅननने ती निदान एकदा उघडपणे मागे घेतली : २००८ चा जी१० १४.७ मेगापिक्सेलचा होता, पुढच्याच वर्षीचा जी११ १० चा. एवढ्याशा सेन्सरवर ठिपके कमी केले तर अंधारातला फोटो सुधारतो, ही त्यामागची भूमिका.

२०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यांतले बहुतेक छोटेच होते. २०२३ पर्यंत छोट्यांचा आकडा १७ लाखांच्या आसपास उतरला. फोनने ही जागा घेतली, आणि चिन्हंही सोबत नेली. फोनमधला पोर्ट्रेट मोड म्हणजे तेच चेहऱ्याचं चिन्ह, फक्त मागचा धूसरपणा आता गणिताने तयार होतो. नाइट मोड एकाच्या जागी अनेक फोटो घेऊन जोडतो. फोटो देखणा येतो, यात वाद नाही. पण तो तसा का आला हे घेणाऱ्याला कळत नाही, कारण तिन्ही निर्णय त्याला न विचारता झालेले असतात.

गेल्या काही वर्षांत कॉलेजची मुलं कपाटांतून जुने छोटे कॅमेरे बाहेर काढू लागली आहेत. कॅननने २०१६ चं एक मॉडेल किरकोळ बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणलं, इतकी ही मागणी खरी आहे. फोटोंचा जुना रंग आवडतो म्हणून बरेच जण इकडे वळतात. मला त्यापलीकडचं कारण मोलाचं वाटतं : हे कॅमेरे आजही उत्तम शिक्षक आहेत.

घरात असा एखादा कॅमेरा पडून असेल तर नवे सेल घाला, तारीख लावा, डिजिटल झूम बंद करा, आयएसओ १०० वर ठेवा. मग डायल ऑटोवरून एक घर सरकवून पी वर आणा. ऑटोवर असताना बहुतेक कॅमेरे व्हाइट बॅलन्स आणि अधिक-उणे या सेटिंगांना हातच लावू देत नाहीत. पी वर त्या खुल्या होतात, आणि फोटो तुमचा होण्याची सुरुवात तिथून होते.